कोकणातल्या छोट्या रुग्णालयाचं औषध स्टोअर: बारा महिने आणि भर पावसातही कसं चालवावं

कोकणात तालुक्याच्या गावी तीस-पन्नास खाटांचं रुग्णालय असेल, तर औषध नाही म्हणून रुग्णाला पुढे पाठवण्याची वेळ दरवेळी पैशांअभावीच येते असं नाही. घाटात दरड येते आणि सलाईनचा टेम्पो पलीकडेच अडकतो. ओआरएसची पाकिटं असतात, पण ओल धरून त्यांचे खडे झालेले असतात. स्टोअरमध्ये नाही म्हणून सांगितलेलं इंजेक्शन प्रसूती कक्षाच्या कपाटात मुदत संपून पडलेलं सापडतं. स्टोअर नीट लावलं तर हे बरंचसं टळतं.

साठा व्यवस्थापनाची नेहमीची सूत्रं इथेही चालतात. मात्र माल दोन दिवसांत दारात येणाऱ्या शहराचे आकडे इथे चालत नाहीत. रस्ता बंद राहण्याचे दिवस आणि हवेतली ओल हिशेबात धरून ते बदलावे लागतात. पुढचं सगळं फार्मासिस्ट, स्टोअर सांभाळणाऱ्या सिस्टर, मेट्रन आणि स्वतःचं रुग्णालय चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे.

आधी मोजणी, वॉर्डांसकट

सुरुवात पूर्ण मोजणीने करा. त्यासाठी एक रविवार ठरवा आणि दोघांनी बसा: एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजणाऱ्याला रजिस्टरमधला आकडा दाखवू नका. आकडा माहीत असला की मोजणी नकळत त्याच्याजवळ येऊन थांबते. प्रत्येक वस्तूचं नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी, नग आणि जागा लिहा. स्टोअर झालं की लगेच वॉर्ड, लेबर रूम, ऑपरेशन थिएटर, कॅज्युअल्टी, ड्रेसिंग रूम, ॲम्ब्युलन्स आणि सिस्टरांच्या टेबलाचे खण तपासा. इंट्राकॅथ (शिरेत बसवायची सलाईनची सुई-नळी), चिकटपट्टी, ग्लोव्हज आणि महागडी अँटिबायोटिक्स इथे हमखास निघतात. यात कुणाला दोष देऊ नका. स्टोअर वेळेवर देत नाही असा अनुभव आला की वॉर्ड साठवून ठेवतो. पुरवठा नियमित झाला की ही सवय आपोआप सुटते.

मोजणीतून एकच यादी तयार करा. एका वस्तूला एकच नाव आणि एकच एकक ठेवा. ‘सिरिंज ५ सीसी’ आणि ‘डिस्पो ५ एमएल’ अशा दोन नोंदी असतील तर एक संपलेली दिसते, दुसरी पडून राहते. औषध जेनेरिक नावाने लिहा, ब्रँड शेजारच्या रकान्यात. गोळ्यांचं एकक पक्कं करा. खरेदी स्ट्रिपमध्ये, वाटप गोळ्यांत आणि रजिस्टर बॉक्समध्ये असेल, तर वर्षअखेरी हिशेब कुणालाच लागत नाही. नोंदीचं एकक नेहमी सर्वांत लहान ठेवावं: गोळी, अँप्युल, बाटली, नग.

सरकारी रुग्णालयात ई-औषधी प्रणालीत नोंद करावी लागते. ती त्याच दिवशी करा. आठवड्याचं काम साठवून शनिवारी भरलं, तर पडद्यावरचा साठा आणि रॅकवरचा साठा वेगळे पडतात आणि जिल्हा भांडाराला तुमची खरी गरज कळत नाही. शिवाय रॅकवर प्रत्येक वस्तूसाठी पुठ्ठ्याचं बिन कार्ड, म्हणजे तिची आवक-जावक आणि शिल्लक लिहायचं कार्ड, लटकवा. वीज आणि नेट दोन्ही गेले तरी ते वाचता येतं, आणि इथे जून-जुलैत ते दोन्ही जातात.

कशावर लक्ष जास्त, कशावर कमी

सगळ्या वस्तूंवर सारखं लक्ष देणं शक्य नाही. त्यासाठी यादी दोन प्रकारे विभागतात. पहिली विभागणी खर्चाची. वर्षभराचा खर्च उतरत्या क्रमाने मांडला की साधारण दहा टक्के वस्तूंवर सत्तर टक्के पैसा जातो, हा ‘अ’ गट. पुढच्या वीस टक्क्यांवर साधारण वीस टक्के, हा ‘ब’ गट. उरलेल्या सत्तर टक्के वस्तूंवर जेमतेम दहा टक्के, हा ‘क’ गट. दुसरी विभागणी गरजेची: नसेल तर जीव जाईल अशा वस्तू, नसेल तर उपचार अडेल अशा, आणि थोडं थांबून चालेल अशा. ही दुसरी यादी फार्मासिस्टने एकट्याने करू नये. फिजिशियन, भूलतज्ज्ञ आणि लेबर रूमच्या सिस्टर यांना सोबत बसवा.

दोन्ही याद्या एकावर एक ठेवल्या की खरा धोका दिसतो. तो स्वस्त पण जीवरक्षक औषधांत असतो. उत्तम उदाहरण प्राझोसिनचं. लाल विंचवाच्या दंशावर या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आणि कोकणात अनेक जीव वाचले. गोळी इतकी स्वस्त की खर्चाच्या यादीत तळाला जाते आणि मागणीपत्रात राहून जाते. शिवाय मागणी लिहिताना ‘साधी गोळी’ असं स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर रक्तदाबासाठी विकली जाणारी हळूहळू विरघळणारी गोळी पुरवठादार पाठवून देतो. ती मोडता येत नाही, आणि मुलाचा डोस तर वजनावर काढून गोळी मोडूनच द्यावा लागतो.

अॅड्रेनलिन, अॅट्रोपिन, निओस्टिग्मिन, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम ग्लुकोनेट, व्हिटॅमिन के हीदेखील याच जातीची. अशा वस्तूंची मोजणी दर आठवड्याला करा. ‘अ’ गटाची पंधरवड्याला, बाकीची महिन्याला किंवा तिमाहीला चालते.

फेरमागणीची पातळी: दोन ऋतूंचे दोन आकडे

साठा किती उरला की नवी मागणी पाठवायची, तो आकडा म्हणजे फेरमागणीची पातळी. आधी रोजचा खरा खप काढा. समजा रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या ५०० मिलीच्या १०८० बाटल्या नव्वद दिवसांत लागल्या. रोजच्या १२ असं वाटतं. पण त्यातले दहा दिवस बाटली शिल्लकच नव्हती. खप ८० दिवसांचा आहे, म्हणजे रोजच्या १३.५. साठा नसलेले दिवस वजा केले नाहीत, तर आजची टंचाई पुढच्या मागणीत उतरते आणि मागणी कायम कमीच राहते.

आता दोन गोष्टी रजिस्टरमधून पाहा: एका दिवसात जास्तीत जास्त किती लागल्या, आणि मागणी पाठवल्यापासून माल यायला जास्तीत जास्त किती दिवस लागले. समजा सर्वाधिक खप २०. कोरड्या ऋतूत उशिरात उशिरा माल नवव्या दिवशी येतो, पावसात पंधराव्या. तर पातळी उन्हाळ्यात २० × ९ = १८० आणि पावसाळ्यात २० × १५ = ३००. चोवीस बाटल्यांचा खोका धरला तर उन्हाळ्यात आठ खोके उरले की मागणी, आणि पावसात तेरा खोके उरले की मागणी. हे दोन्ही आकडे बिन कार्डावर लाल शाईने लिहून ठेवा, म्हणजे नवीन माणसालाही विचारावं लागणार नाही.

जीवरक्षक वस्तूंसाठी ‘सर्वाधिक खप गुणिले सर्वाधिक उशीर’ हेच गणित वापरा. थोडं थांबून चालेल अशा वस्तूंना सरासरी खप आणि सरासरी दिवस पुरेत. नाहीतर पैसा आणि जागा दोन्ही अडकतात.

उशिराचा आकडा अंदाजाने घेऊ नका. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून येणारा माल आंबा, कुंभार्ली, गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरतो. मुंबईचा माल राष्ट्रीय महामार्ग ६६ ने किंवा कोकण रेल्वेने. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींमुळे घाटरस्ते बंद पडले होते. म्हणून जीवरक्षक वस्तूंसाठी पुरवठादार दोन असावेत, आणि दोघांचा रस्ता वेगळा असावा. दोन्ही पुरवठादार कोल्हापूरचेच असतील, तर घाट बंद पडल्यावर दुसऱ्याचा काही उपयोग होत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असलं तरी कोकणातल्या स्टोअरने आपलं वर्ष पावसावरून आखावं.

मार्चअखेर निधी संपवण्याची घाई असते आणि एकदम मोठी खरेदी होते. ती पावसाळ्यासाठी वापरायची, पण वस्तू निवडून. सलाईन, सिरिंज, इंट्राकॅथ, कॅथेटर, अँप्युलमधली औषधं आणि सर्पदंशाची लस (दंशानंतर द्यायचं प्रतिविष) यात घ्या. ओआरएस, प्लास्टर बँडेज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि कापूस मार्चमध्ये वर्षभराचे घेऊन ठेवू नका. चार महिन्यांच्या दमट हवेत त्यांचं नुकसान होतं. हे थोडे थोडे मागवावेत.

एप्रिल-मे हे विंचूदंशाचे दिवस. आंब्याचा हंगाम असतो आणि मुंबईकर गावी आलेले असतात. जुलाब, उलट्या, रस्त्यावरचे अपघात वाढतात. १५ मेपर्यंत पावसाळ्याचा पूर्ण साठा आत आलेला असावा. चक्रीवादळं पावसाच्या तोंडावरच येतात: निसर्ग ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आदळलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं. जूनची पहिली तारीख गाठायची असं ठरवलं, तर वादळ आधी येऊ शकतं.

जूनमध्ये पेरणी, मग लावणी. शेतात पाय चिखलात, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ, पेनिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्सोन यांचा साठा तयार हवा. सर्पदंश याच काळात वाढतात. भात कापणीला, ऑक्टोबरच्या आसपास, ते पुन्हा वाढतात. दोन्ही वेळा साठा वाढवा.

चतुर्थीचे दिवस वेगळे. चाकरमान्यांमुळे गावांची लोकसंख्या एकदम फुगते, ओपीडी वाढते आणि महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते. औषधांना सूट असते, पण तुमचे खोके बहुतेकदा इतर मालाबरोबर एकाच ट्रकमध्ये असतात आणि तो ट्रक थांबतो. गणपतीच्या दहा दिवस आधी शेवटचा माल उतरवून घ्या. शिमग्यालाही थोड्या प्रमाणात हेच.

सर्पदंशाचा डबा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप भरपूर, शिवाय घोणस, नाग, मण्यार. लसीचा पहिला डोस १० कुप्यांचा. रक्तावर परिणाम करणाऱ्या विषात एका रुग्णाला ३० कुप्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून ‘२० कुप्या आहेत’ याचा अर्थ दोन रुग्णांची फक्त सुरुवात करता येईल एवढाच. पुढे पाठवायला रस्ता खुला असेल तर २० निभावतात. पावसाळ्यात रस्ता बंद पडू शकतो, म्हणून दोन रुग्णांचा पूर्ण उपचार होईल एवढा, म्हणजे ६० कुप्यांचा साठा असावा, असं आमचं मत आहे.

पावडर स्वरूपातली लस घ्या. तिला फ्रिज लागत नाही, थंड आणि अंधारी जागा पुरते. द्रवरूप लस मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते, आणि वीज गेली की ती धोक्यात येते.

लस एका कपाटात, अॅड्रेनलिन दुसऱ्यात आणि निओस्टिग्मिन थिएटरमध्ये असेल, तर रात्री दोन वाजता शोधाशोध होते. एका रुग्णाच्या पहिल्या डोसचा एक डबा करून कॅज्युअल्टीत ठेवा: लसीच्या १० कुप्या, त्या विरघळवायला १० मिली निर्जंतुक पाण्याच्या १० अँप्युल, नॉर्मल सलाईन ५०० मिलीच्या दोन बाटल्या, सलाईन सेट, १८ आणि २० नंबरचे इंट्राकॅथ, अॅड्रेनलिनचे ५ अँप्युल, हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनिरामिन प्रत्येकी २, निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन प्रत्येकी ५, आणि काचेच्या चार कोरड्या परीक्षानळ्या.

या नळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मागणीपत्रात त्या कुणी लिहीत नाही. वीस मिनिटांच्या गोठण चाचणीत दोन मिली रक्त नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता उभं ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त गोठतं ते काचेच्या स्पर्शाने. नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाने धुतलेली आणि आत साबणाचा थर राहिलेली असेल, तर निरोगी माणसाचं रक्तसुद्धा गोठत नाही. चाचणी विष आहे असं सांगते आणि गरज नसताना लसीच्या कुप्या जातात. म्हणून नव्या काचेच्या नळ्यांचं एक पाकीट स्टोअरच्या नियमित यादीत घाला आणि डब्यातल्या नळ्या वापरून झाल्या की फेकून द्या.

माल घेताना

टेम्पो आला की आधी थंड औषधं बाहेर काढा. बाकी मोजणी नंतर. खोक्यातले बर्फाचे पॅक पूर्ण वितळून कोमट झाले असतील, तर माल ताब्यात न घेता चलनावर तसं लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या. मग मागणीपत्र, चलन आणि प्रत्यक्ष माल तिन्ही जुळवा: नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी, नग. एक्स्पायरी ‘०८/२०२७’ असेल तर औषध त्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी मुदत उरलेला माल सरसकट घेऊ नका. घ्यावाच लागला तर किती दिवसांत संपेल ते खपावरून काढून तेवढाच घ्या.

ओले किंवा कोपरे मऊ पडलेले खोके बाजूला काढून उघडा. सलाईनच्या प्रत्येक खोक्यातल्या तीन-चार बाटल्या उजेडासमोर उलट्या धरून पाहा. तंतू, कण, गढूळपणा दिसला किंवा दाबल्यावर थेंब आला, तर ती पूर्ण बॅच वेगळी ठेवा. बॅच नंबर वॉर्डला देतानाही लिहा. पुढे अन्न व औषध प्रशासनाने एखादी बॅच थांबवली, तर ती कुठे गेली ते तासाभरात सांगता आलं पाहिजे.

ओल, मीठ आणि वाळवी

खोके जमिनीपासून १० सेंटिमीटर वर, भिंतीपासून ३० सेंटिमीटर लांब आणि अडीच मीटरपेक्षा उंच नको. हा नियम सगळीकडचा. कोकणात तो विशेष महत्त्वाचा, कारण जांभ्या चिऱ्याची भिंत पावसात पाणी ओढते आणि तिला टेकलेला पुठ्ठा आठवड्यात बुरशी धरतो. पश्चिमेकडच्या भिंतीला तर काहीच लावू नका. लाकडी रॅकला वाळवी लागते, साध्या लोखंडी रॅकला खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. गॅल्व्हनाइज्ड रॅक आणि प्लास्टिकचे पॅलेट टिकतात. वाळवीचं मातीचं नळकांडं भिंतीवर दिसतं का, हे दर आठवड्याला टॉर्च घेऊन बघायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

पावसाळ्यात हवा खेळती ठेवायची म्हणून खिडक्या उघडतात आणि एक्झॉस्ट पंखा लावतात. त्याने बाहेरची ओली हवाच आत येते. पावसात खिडक्या बंद ठेवा, एसी ड्राय मोडवर किंवा ओल शोषणारं यंत्र लावा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास आणा. आर्द्रता मोजणारं छोटं घड्याळ काही शे रुपयांना मिळतं. यंत्राचं भांडं भरलं की ते बंद पडतं, म्हणून रोज दोनदा रिकामं करण्याची नोंद ठेवा.

ओलीचे पहिले बळी ओळखून ठेवा. अॅस्पिरिनची बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर गोळी विघटित झाली आहे. मिसोप्रोस्टोल अॅल्युमिनियमच्या पाकिटातून काढून छोट्या डबीत ठेवू नका, ओलीने त्याचा जोर जातो आणि प्रसूतीनंतरच्या ऐन रक्तस्रावात गोळी काम करत नाही. प्लास्टर बँडेजचं पाकीट दाबून पाहा, कडक गाठ लागली तर आतच सेट झालंय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर आकडे चुकतात. ओटीचे निर्जंतुक गाठोडे दमटपणात ओले पडले, तर तारीख शिल्लक असली तरी ते निर्जंतुक धरू नयेत.

फ्रिज

ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, सक्सिनिलकोलीन, अॅट्राक्युरियम ही २ ते ८ अंशांची मंडळी. लसीकरणाच्या लसींसाठी आईसलाइन्ड रेफ्रिजरेटर (आत बर्फाचं अस्तर असलेला, वीज गेली तरी गार राहणारा फ्रिज) असतो, पण बाकी औषधं बहुतेक ठिकाणी साध्या फ्रिजमध्ये राहतात. त्यात औषध मधल्या कप्प्यांवर ठेवा. दारात नाही, कारण दार उघडताच तिथलं तापमान चढतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, कारण तिथे गोठतं. गोठलेलं इन्सुलिन आणि धनुर्वाताची लस वितळल्यावर वरून ठीक दिसली तरी वापरायची नाही. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर गारवा जास्त टिकतो. जेवणाचा डबा आणि पिण्याच्या पाण्याची बाटली या फ्रिजमध्ये ठेवली की दार दिवसभर उघडलं जातं, म्हणून ती बंदच.

तापमान सकाळी आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीही लिहा. वीज गेली की दार उघडू नका. जनरेटर लगेच लागणार नसेल तर औषधं कोल्ड बॉक्समध्ये हलवा. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक थेट औषधांना लावले तर औषध गोठतं. पॅक बाहेर टेबलावर ठेवा, वरचं पांढरं दव वितळून पृष्ठभाग ओला होऊ द्या, आणि कानाजवळ हलवून आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच वापरा.

प्रत्येक प्रसूतीला १० युनिट, म्हणजे ५ युनिटच्या २ अँप्युल ऑक्सिटोसिन लागतं. महिन्याला ४० प्रसूती असतील तर ८० अँप्युल हा फक्त नेहमीचा खप. रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी त्यावर वेगळा साठा ठेवा.

ऑक्सिजन

जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर, छोट्या बी-टाईपमध्ये सुमारे १५०० लिटर असतात. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर जंबो ११ तासांहून थोडा जास्त चालतो. तीन रुग्ण प्रत्येकी ५ लिटरवर असतील तर दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे तीन जंबो आणि थोडं वर. भरून येण्यास पाच दिवस लागणार असतील तर १६ जंबो लागतात. काटा भरलेल्या दाबाच्या निम्म्यावर असेल तर निम्मा वायू उरलाय, असा साधा हिशेब फळ्यावर लिहून ठेवा. भरलेले, चालू आणि रिकामे वेगळे बांधा. चावी आणि जास्तीचे वॉशर सिलिंडरजवळच दोरीने टांगा. खाऱ्या हवेने व्हॉल्व्ह गंजतो, म्हणून कुणीतरी तेल लावतं. ते कधीच करू नका, ऑक्सिजनच्या दाबात तेल पेट घेतं.

वॉर्डाचा साठा

वॉर्डाला तीन दिवसांचा ठरलेला कोटा द्या. रोजच्या वस्तूंना दोन डब्यांची पद्धत उत्तम: पहिला डबा संपला की सिस्टर त्यावरचं कार्ड स्टोअरला पाठवतात आणि दुसरा वापरायला घेतात. मागणी लिहिण्याचा वेळ वाचतो आणि साठवून ठेवण्याची गरज राहत नाही. आधी एक्स्पायर होणारं पुढे, नंतरचं मागे. आधी आलेलं नव्हे, आधी संपणारं आधी वापरायचं.

पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल वॉर्डात खुल्या ठेवू नका. त्या निर्जंतुक पाण्याच्या अँप्युलसारख्या दिसतात आणि न मिसळता शिरेत गेल्या तर हृदय थांबतं. स्टोअरमध्ये त्यांना वेगळा, लाल पट्टीचा खण ठेवा. क्रॅश कार्टला (तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीला) नंबरचं प्लास्टिक सील लावा आणि आतल्या सर्वांत जवळच्या एक्स्पायरीची तारीख बाहेर चिकटवा. सील तुटलं की त्याच पाळीत भरून पुन्हा लावायचं. मॉर्फिन, फेन्टानिल दुहेरी कुलपात, दोन वेगळ्या माणसांकडे दोन चाव्या, आणि दर पाळीला मोजून दोघांच्या सह्या. अर्धी वापरलेली किंवा फुटलेली अँप्युलही साक्षीदारासमोर नोंदवा.

एक्स्पायरी आणि पुराचा माल

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी काढा. खप पुरेसा असेल तर वॉर्डात पुढे सरकवा. नसेल तर शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाशी किंवा जिल्हा भांडाराशी बोलून बदलून घ्या. खाजगी पुरवठादाराला परत द्यायचा तर तो सहसा तीन महिने आधीच घेतो, ही अट खरेदीआधी लिहून घ्या. संपलेली औषधं वेगळ्या, कुलूपबंद पेटीत ठेवा. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार ती पिवळ्या वर्गात जातात. मोरीत ओतू नका, घनकचऱ्यातही टाकू नका.

नदीकाठच्या गावात स्टोअर तळमजल्यावर असेल, तर पूर येणार हे धरूनच चाला. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माल वर चढवायला वेळ मिळाला नाही. म्हणून मे महिन्यातच जीवरक्षक वस्तूंची पेटी पहिल्या मजल्यावर न्या. खाली उरलेल्यात काय आधी उचलायचं त्याची क्रमवारी दारावर चिकटवा: आधी मादक औषधं आणि रजिस्टर, मग फ्रिजमधली औषधं, मग इंजेक्शनं, शेवटी सलाईन. सलाईनचा चोवीस बाटल्यांचा खोका बारा किलोच्या वर भरतो, म्हणून ते काम शेवटी आणि जास्त माणसांनी.

पुराचं पाणी लागलेला माल वापरू नका, बाटलीचं सील शाबूत दिसलं तरी. झाकणाच्या कडेला गाळ बसतो आणि लेबल सुटून बॅच कळेनाशी होते. फेकण्याआधी प्रत्येक बॅचचा फोटो काढा, नगांसह यादी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. विम्याचा दावा करायचा असेल किंवा सरकारी साठ्यातून कमी दाखवायचा असेल, तर ही यादी लागते. भिजलेल्या यंत्रांचे अनुक्रमांकही त्याच यादीत लिहा आणि रजिस्टरची पानं सावलीत एकेक वेगळी करून वाळवा.